समता, पण कोणाशी? : अमिरातीतल्या स्त्रियांविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या लिंगभाव विषमता निर्देशांकात २०२२ सालासाठी संयुक्त अरब अमिरातीचा क्रमांक जगात ७ वा लागला. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२४ च्या लिंगभाव तफावत अहवालात तोच देश ७४ वा आहे. एका यादीनं त्याला युरोपातल्या पुढारलेल्या देशांच्या पंगतीत बसवलं, दुसरीनं मधल्या गर्दीत उभं केलं. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. पहिली माता-मृत्यू, किशोरवयातली बाळंतपणं, माध्यमिक शिक्षण, संसदेतल्या जागा आणि श्रमातला सहभाग पाहते. या देशात बाळंतपणात आई दगावणं आता दुर्मीळ आहे, मुली शिकतात आणि फेडरल नॅशनल कौन्सिलच्या ४० पैकी निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात. दुसरी यादी स्त्री आणि पुरुष यांच्यामधलं अंतर मोजते. मिळकत, वरच्या पदांवरची माणसं, सत्तेतला वाटा हे हिशेब मांडले की तोच देश खाली घसरतो.

दोन्ही याद्यांतून एक गोष्ट मात्र सुटते. या देशात राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी साधारण नऊ परदेशी नागरिक आहेत, आणि दर तिघांत जवळपास दोघे पुरुष आहेत. भारतीयच ३५ लाखांच्या वर आहेत. अशा देशात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचं स्थान आहे का, असं विचारलं की तो प्रश्न आपल्यावरच उलटतो : कोणत्या स्त्रीला, आणि कोणत्या पुरुषाच्या बरोबरीचं? अबुधाबीतली एखादी अमिराती मंत्री आणि तिच्या कार्यालयाची इमारत बांधणारा मराठवाड्यातला गवंडी यांच्यात वरचढ कोण, हे सांगायला अभ्यास लागत नाही. पण त्याच मंत्रीणबाईंच्या कुटुंबातल्या मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिच्या मुलाला आईचं नागरिकत्व जन्मतः मिळत नाही, आणि तिच्या भावाच्या मुलाला ते आपोआप मिळतं. म्हणजे एकाच देशात दोन शिड्या आहेत. एक स्त्री-पुरुषांची, दुसरी नागरिक-परदेशींची. त्या एकमेकींना छेद देतात, आणि प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या छेदावर उभी असते.

या संग्रहामागची भूमिका एका वाक्यात सांगायची तर अशी : अमिरातीतल्या स्त्रीचे हक्क ती स्त्री आहे यावर जितके ठरतात, तितकेच ती कोणाच्या कागदावर त्या देशात राहते यावर ठरतात. नागरिक स्त्रीचा कागद वडिलांच्या वंशाचा, पत्नीचा नवऱ्याच्या व्हिसाचा, घरकामगार बाईचा मालकाच्या कराराचा. हा कागद कोणाच्या हातात आहे, तो कधी तिच्या हाती आला आणि कधी येता येता राहिला, याचा माग काढायचा आहे.

मराठी घरांत दुबईची दोन चित्रं असतात. एक मॉल, सोनं आणि बुर्ज खलिफाचं. दुसरं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचं : फसवून नेलेली मोलकरीण, दूतावासाकडे धाव, सुटका. पहिल्या चित्रात बाई खरेदी करते, दुसऱ्यात रडते. या दोहोंच्या मधला विस्तीर्ण प्रदेश मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. तिथे शाळेत शिकवणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, मसाल्यांचं दुकान चालवणारी, पदवी असून घरी बसलेली आणि खेड-चिपळूणला राहून दुबईच्या पगारावर संसार हाकणारी, अशा साऱ्या जणी आहेत. त्यांच्याशेजारी अमिराती स्त्री आहे, जिच्याशी यांपैकी बहुतेकींचं बोलणंही होत नाही.

मोत्यांच्या काळापासून

सुरुवात तेलाच्या आधीपासून करायला हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्याचा प्राण मोत्यांत होता. उन्हाळ्यात गलबतं मोत्यांच्या मोठ्या मोहिमेवर निघत, आणि धडधाकट पुरुष चार-चार महिने समुद्रावर असत. मागे राहिलेल्या बायका पाणी, शेळ्या, खजुराची तोडणी आणि सावकाराची उचल सांभाळत. शरियतनं स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा हक्क दिला होता, आणि जिच्या हाती पैसा होता तिनं तो वापरलाही. दुबईचे राज्यकर्ते शेख सईद यांच्या पत्नी हेस्सा बिंत अल मुर्र १९३० च्या दशकात स्वतः व्यापार करत, आणि त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, पुरुष सल्ल्याला येत. अशा स्त्रियांच्या आठवणी जपण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ रफिया घुबाश यांनी दुबईच्या देरा भागात २०१२ साली स्त्रियांचं संग्रहालय उघडलं. ते ज्या जुन्या घरात आहे त्याला लोक 'बैत अल बनात', म्हणजे मुलींचं घर, म्हणत.

त्या काळात या किनाऱ्याची पेठ मुंबईत होती. मोती मुंबईला विकले जात, चलन भारतीय रुपयाचं असे आणि ते १९६६ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकलं. बायका तोंडावर घालत त्या बुरख्याचं निळीत रंगवलेलं कापडही भारतातून येई. मोत्यांचा धंदा बुडवला तो जपाननं. मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. पुढच्या चार दशकांत हे पिकवलेले मोती जगभर पोचले, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आखातातली गलबतं किनाऱ्याला लागली. यातली एक गोष्ट स्त्री-अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे. आखातात बुडी मारणं हे पुरुषाचं काम मानलं जाई. जपानच्या किनाऱ्यावर शिंपले काढायला खोल पाण्यात उतरत त्या 'आमा' नावाच्या स्त्रिया, आणि मिकिमोतोंच्या मोत्यांच्या शेतीतही त्या राबल्या. एकच काम, एकच जिन्नस, आणि एका देशात जे बाईला झेपणार नाही असं ठरलं होतं तेच दुसऱ्या देशात बाईचंच काम होतं.

पुरुष दूर आणि संसार बाईच्या डोक्यावर, ही अवस्था पुढे आपल्या कोकणात आली. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडमधून, विशेषतः मुस्लिम वस्त्यांतून, घरटी माणूस आखातात जाऊ लागला. कुटुंब सोबत न्यायला ठरावीक पगार लागतो. तो बहुतेकांना नव्हता, म्हणून बायको गावीच राहिली. ड्राफ्ट वटवणं, घराचं बांधकाम करून घेणं, मुलाला इंग्रजी शाळेत घालणं, भाऊबंदांशी वाटणीचं भांडण लढणं हे सगळं तिनं केलं. सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. ती कधी दुबईला गेली नसेल, तरी दुबईच्या अर्थव्यवस्थेतली ती बिनपगारी भागीदार आहे, आणि म्हणून तिला या संग्रहात जागा आहे.

शासनानं दिलेली समता

आधुनिक काळाची पहिली पावलं शाळा आणि दवाखान्यांतून पडली. १९५३ साली शारजात पहिली आधुनिक शाळा सुरू झाली आणि त्याच दशकात मुलींचे वर्ग भरू लागले. १९६० साली अल ऐनच्या ओॲसिसमध्ये अमेरिकी मिशनरी डॉक्टर दांपत्यानं रुग्णालय उघडलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत शारजात आल्या डॉ. झुलेखा दाऊद. त्या नागपूरच्या, कष्टकरी घरातल्या, नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या. वीज, रस्ते, पाणी यांची वानवा असलेल्या त्या वाळवंटी गावात त्यांनी हजारो बाळंतपणं केली. पुरुष डॉक्टरकडे जायला न धजावणाऱ्या बायकांना बाई डॉक्टर मिळाली. १९९२ साली त्यांनी शारजात स्वतःचं रुग्णालय काढलं आणि २०१९ मध्ये भारत सरकारनं त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. अमिराती स्त्रीच्या आरोग्याच्या इतिहासात एक पान असं नागपुरात लिहिलेलं आहे.

२ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य जन्माला आलं. लोकसंख्या तुटपुंजी, पैसा अफाट, आणि शिकलेली माणसं जवळजवळ नाहीत. राष्ट्र उभारायचं तर निम्मी माणसं घरात ठेवून चालणार नाही, हे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी ओळखलं. त्यांच्या पत्नी शेखा फातिमा बिंत मुबारक यांनी १९७३ मध्ये अबुधाबीत स्त्रियांची पहिली संस्था काढली, १९७५ च्या ऑगस्टमध्ये सर्व अमिरातींच्या संस्था एकत्र करून जनरल विमेन्स युनियन झाली. अल ऐनला १९७६ मध्ये विद्यापीठ आलं, १९९८ मध्ये झायेद विद्यापीठ खास मुलींसाठी निघालं. आज अमिराती मुलींचं पदवीधर होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. २००४ मध्ये शेखा लुबना अल कासिमी पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. २००६ मध्ये अमल अल कुबैसी निवडून आल्या आणि २०१५ मध्ये त्याच फेडरल नॅशनल कौन्सिलच्या अध्यक्ष झाल्या. २०१८ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं कौन्सिलमधल्या निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. मंगळाकडे गेलेल्या 'होप' यानाच्या विज्ञान विभागाचं नेतृत्व सारा अल अमिरी यांनी केलं.

ही यादी वाचून थक्क व्हायला होतं, आणि व्हावंही. पण महाराष्ट्राच्या वाचकाला तीत एक पोकळी जाणवेल. इथे मोर्चा नाही. आपल्याकडे मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात न्यायालयानं आरोपींना सोडलं तेव्हा बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तिथे हक्क वरून येतात, फर्मानानं. स्वतंत्र कामगार संघटना नाहीत, संपाला मुभा नाही, स्त्री-संघटना शासनाच्या छत्राखाली आहेत. ज्या कौन्सिलमध्ये निम्म्या स्त्रिया आहेत तिचं काम सल्ला देण्याचं, आणि तिचे निम्मे सदस्य राज्यकर्ते नेमतात. म्हणून अमिरातीतली समता वेगानं येते, आणि ती आली तशी कोणी मागितली होती का, हे कळायला मार्ग राहत नाही.

अभ्यासकांचे वाद

या विषयावर लिहिणाऱ्यांचे ढोबळमानानं पाच प्रवाह आहेत. नवख्या वाचकानं ते आधीच ओळखून ठेवले तर पुढचे लेख एकमेकांशी कशासाठी भांडतात ते कळेल.

पहिला प्रवाह शासनकेंद्री. राज्यसंस्थेनं शिक्षण, नोकरी आणि आरोग्य पुरवून स्त्रीला घराबाहेर काढलं, असं तो मांडतो. इजिप्तच्या संदर्भात मर्वत हातेम यांनी या प्रकाराला शासकीय स्त्रीवाद म्हटलं आणि त्याची मर्यादाही दाखवली : शासन देतं तेव्हा स्त्री कुटुंबप्रमुखाऐवजी शासनावर अवलंबून राहते.

दुसरा प्रवाह तेलाचा. मायकेल रॉस यांनी २००८ मध्ये असा दावा केला की आखाती देशांत स्त्रिया कमी संख्येनं कामावर जातात त्याचं कारण इस्लामपेक्षा तेल आहे. तेलाच्या पैशानं घरात एकाच पगारावर भागतं, आणि बायकांना मोठ्या संख्येनं कामाला घेणारे कारखाने उभेच राहत नाहीत. त्यावर टीकाही भरपूर झाली. तेल असूनही स्त्रिया कामावर येत असलेली अमिराती या वादात दोन्ही बाजूंना साक्षीला बोलावली जाते.

तिसरा प्रवाह इस्लामच्या आतून बोलणारा. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी, इजिप्तमध्ये वाढलेल्या लैला अहमद यांनी धर्मग्रंथ आणि पुरुषांनी केलेले त्यांचे अर्थ वेगळे काढले. मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं. दलवाईंची वाट मर्निसींहून वेगळी होती, ती धर्माच्या पुनर्वाचनापेक्षा समान नागरी कायद्याकडे जाणारी होती. पण ते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ज्या कोकणी मुस्लिम समाजात त्यांनी तलाकचा प्रश्न मांडला, त्याच समाजातले पुरुष पुढच्या दशकात आखाताकडे निघाले.

चौथा प्रवाह इशारा देणारा. लीला अबू-लुघोद यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात विचारलं की मुस्लिम स्त्रियांना वाचवायला निघालेल्या पाश्चात्त्यांना नेमकं कशापासून वाचवायचं आहे. हा इशारा आपल्यालाही लागू आहे. अबाया घातलेली बाई दिसली की तिची कीव करणं हा आपल्याकडच्याही शिकलेल्या वर्गाचा रिवाज आहे. ती कदाचित एखाद्या बँकेच्या संचालक मंडळावर असेल.

पाचवा प्रवाह स्थलांतराचा, आणि या संग्रहाचा कल त्याच्याकडे आहे. नेहा व्होरा यांनी दुबईतल्या भारतीयांवर लिहिताना दाखवलं की पिढ्यान्‌पिढ्या राहूनही त्यांना नागरिक होता येत नाही, तरी ते शहर त्यांचंच असतं. रासेल पारेन्यास यांनी घरकामगार स्त्रियांच्या अभ्यासात मालकावर बांधलेल्या व्हिसाचा प्रश्न ऐरणीवर आणला. आर्ली होक्सचाइल्ड यांच्या मांडणीप्रमाणे श्रीमंत देशातल्या घराची देखभाल गरीब देशातली बाई करते, आणि तिच्या घराची देखभाल तिथली आणखी गरीब बाई. या साखळीत अमिराती स्त्रीची प्रगती कोणाच्या खांद्यावर उभी आहे, हा बोचरा प्रश्न याच प्रवाहानं विचारला.

कायद्याचा कागद

गेल्या काही वर्षांत अमिरातीचे कायदे इतक्या झपाट्यानं बदलले की दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं जुनी झाली. २००४ मध्ये देशानं स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, पण नागरिकत्व आणि विवाहाच्या कलमांवर आपलं म्हणणं राखून ठेवलं. २००५ च्या कौटुंबिक कायद्यात पत्नीनं पतीची आज्ञा पाळण्याचं कलम होतं, ते २०१९ मध्ये गेलं. त्याच वर्षी घरगुती हिंसेविरुद्ध कायदा आला. बायकांना रात्रपाळी आणि जोखमीच्या कामांपासून लांब ठेवणारी १९८० च्या कामगार कायद्यातली बंधनं उठली. २०२१ च्या नव्या कामगार कायद्यानं समान कामाला समान वेतन सांगितलं. खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा ४५ दिवसांवरून ६० दिवसांवर गेली, त्यातले ४५ पूर्ण पगाराचे आणि १५ अर्ध्या. शिवाय आई आणि बाप दोघांनाही पाच दिवसांची पालकत्वाची रजा. भारतात कायद्यानं २६ आठवडे मिळतात हे आठवलं तर ६० दिवस थोडे वाटतील, पण बापाला रजा हवी हे आपल्या खासगी क्षेत्राच्या कायद्यात अजून आलेलं नाही.

एप्रिल २०२५ पासून नवा कौटुंबिक कायदा लागू झाला. घटस्फोटानंतर मुलगा ११ आणि मुलगी १३ वर्षांची होईपर्यंतच आईकडे राहण्याची मर्यादा गेली. ताब्याचं वय दोघांसाठी १८ झालं. वली, म्हणजे लग्नात बाईच्या वतीनं उभा राहणारा पुरुष, मात्र राहिला. मुस्लिमेतरांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नागरी कायदा आहे. त्यात स्त्री-पुरुषांची साक्ष सारखी, वारसा सारखा, दोष सिद्ध न करता घटस्फोट, मुलांचा संयुक्त ताबा. म्हणजे शारजातल्या एकाच मजल्यावर राहणाऱ्या रत्नागिरीच्या दोन शेजारणींना, एक मुस्लिम आणि एक हिंदू, घटस्फोटाचे दोन कायदे लागतात. नावं ठेवण्याआधी आठवावं की रत्नागिरीतही त्यांना दोन कायदेच लागतात. शिवाय तिथला निकाल इथे चालेलच असंही नाही. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट भारतात केव्हा मानायचा याच्या अटी सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात घालून दिल्या आहेत. दोन देशांच्या मधे लटकलेल्या लग्नात बहुतेकदा बाईच लटकते.

नवऱ्याचा व्हिसा, मालकाचा करार

आता कागद जवळून पाहू. डोंबिवलीची एखादी अभियंता मुलगी लग्न करून दुबईला निघते तेव्हा तिच्या विवाह प्रमाणपत्रावर मंत्रालयाचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिराती वकिलातीचा. एवढे शिक्के झाले की ती नवऱ्याच्या व्हिसावर राहू शकते. पूर्वी पासपोर्टात चिकटणाऱ्या त्या व्हिसावर व्यवसायाच्या जागी 'हाउसवाइफ' असं छापलेलं असे आणि शेजारी, काम करण्यास परवानगी नाही. तिचं पदवीचं प्रमाणपत्र, ज्यावर तेवढेच शिक्के लावायला तेवढाच खर्च येतो, ते डोंबिवलीच्या कपाटात राहतं. नोकरी करायची तर लेबर कार्ड वेगळं, आणि पूर्वी त्यासाठी नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागे. महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात मोदकांचं कंत्राट घेणाऱ्या, फ्लॅटमध्ये शिकवण्या घेणाऱ्या, डबे पुरवणाऱ्या बायका पाहिल्या की या कागदाच्या फटीतून वाट काढण्याची कला दिसते.

उलट दिशेनं, बायकोनं नवऱ्याला आपल्या व्हिसावर आणणं पूर्वी शिक्षिका, डॉक्टर, परिचारिका अशा मोजक्या व्यवसायांनाच जमे. २०१९ मध्ये व्यवसायाची अट जाऊन पगाराची आली. २०१८ पासून विधवेला आणि घटस्फोटितेला प्रायोजकाशिवाय वर्षभर राहता येतं. त्याआधी नवरा गेला की काही दिवसांत देशही सोडायचा, अशी गत होती. मुलांच्या व्हिसाचा नियम तर सगळं बोलून जातो. मुलगा २५ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकतो, मुलगी अविवाहित असेल तर वयाची मर्यादा नाही. वरवर ही मुलीला सवलत आहे. तिच्यामागचा हिशेब असा की मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहील आणि मुलगी कोणाच्या तरी कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर जाईल.

सगळ्यात खालच्या पायरीवर घरकामगार स्त्री. सामान्य कामगार कायदा तिला लागू नाही. २०१७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि २०२२ मध्ये तो बदलून नवा झाला. दिवसाला १२ तास विश्रांती, त्यातले ८ सलग, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा, पासपोर्ट तिच्याच ताब्यात, असं त्यात लिहिलं आहे. पण तिचं कामाचं ठिकाण म्हणजे दुसऱ्याचं घर, आणि बंद दारामागे तास मोजायला कोणी येत नाही. भारत सरकारनं तिच्या रक्षणासाठी नियम केला की कमी शिकलेल्या, ३० वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जाता येणार नाही. हेतू चांगला. पण गरज तशीच राहते, आणि एजंट तिला व्हिजिट व्हिसावर बसवून पाठवतो. तिथे तिच्यापाशी ना भारताचं संरक्षण असतं ना अमिरातीचा करार. बाईला जपण्यासाठी तिची वाट अडवली की ती आडवाटेनं जाते, हे दोन्ही सरकारांना लागू पडतं.

जपानकडे पाहून

मोत्यांपुरतंच नव्हे, या प्रश्नातही जपानचा आरसा उपयोगी पडतो. तिथे १९४७ च्या संविधानातच स्त्री-पुरुष समता आहे. विवाहातल्या समतेचं कलम बिआटे सिरोटा या तरुण स्त्रीनं मसुद्यात घातलं. १९८५ मध्ये समान रोजगार संधीचा कायदा झाला. तिथे निवडणुका होतात, वृत्तपत्रं मोकळी आहेत, स्त्री-चळवळ आहे. तरी आर्थिक मंचाच्या २०२४ च्या यादीत जपान ११८ वा, अमिरातीच्या बराच खाली. नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे असं तिथला नागरी कायदा सांगतो, आणि बदलतं ते बहुधा बायकोचंच. कंपनीला वाहून घेतलेला पुरुष आणि घर सांभाळणारी बाई या जोडीवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था कायद्यानं हलत नाही. अमिरातीत कायदा एका सहीनं हलतो, कारण विरोध करायला कोणी नसतं. जपानमध्ये बाईला आवाज आहे आणि बदल मंद आहे. अमिरातीत बदल वेगवान आहे आणि आवाजाला जागा अपुरी. दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की समता म्हणजे पदांची संख्या की ती मागण्याचा हक्क, हा जुना प्रश्न नव्यानं उभा राहतो.

हा संग्रह काय करतो

आत्ताच हे पुस्तक का? एक तर कायदे ताजे आहेत आणि त्यांचा अंमल कसा होतो हे पाहण्याची हीच वेळ आहे. दुसरं, दुबई-शारजात जन्मलेल्या मराठी मुलींची पिढी कामाला लागली आहे. तिचं बालपण तिथलं, पासपोर्ट इथला, आणि निवृत्तीनंतर कुठे जायचं हे अनिश्चित. आईनं नवऱ्याच्या व्हिसावर काढलेली वर्षं तिनं पाहिली आहेत, आणि ती स्वतःच्या व्हिसाचा हट्ट धरते. तिसरं, आता महाराष्ट्रातून आखातात जाणाऱ्यांत एकट्या स्त्रियाही आहेत, परिचारिका, लेखापाल, शिक्षिका, आणि त्यांच्यासाठी मराठीत साधी माहितीही एका जागी नाही.

संग्रहातले लेख अमिराती स्त्री, मध्यमवर्गीय परदेशी पत्नी आणि घरकामगार या तिघींना एकाच पुस्तकात बसवतात, हा त्याचा मुख्य प्रयत्न. आजवर पहिलीवर शासन लिहितं, तिसरीवर मानवी हक्कवाले, आणि दुसरीवर कोणीच नाही. तिघी एकाच छपराखाली राहतात, एकीचा वेळ दुसरीच्या श्रमातून मोकळा होतो, तरी त्यांचे अभ्यास वेगळ्या कपाटांत पडतात. कुठल्याही लेखानं आकड्यांवर किंवा अश्रूंवर एकट्यानं विसंबू नये, अशी लेखकांना विनंती होती. ज्यांनी आपले अनुभव सांगितले त्यांची नावं वगळली आहेत. व्हिसा दुसऱ्याच्या हातात असलेल्या माणसाला नाव देणं परवडत नाही.

वाचकाला एकच सांगणं आहे. हे पुस्तक 'तिकडच्या' बायकांची कहाणी म्हणून वाचू नये. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यानं नोंदणी आणि मदतीच्या योजना आणल्या, पण आठवड्याची सुट्टी किंवा विश्रांतीचे तास ठरवून दिले नाहीत. म्हणजे पुण्यातल्या सोसायटीत भांडी घासणाऱ्या मावशींना जी सुट्टी मालकिणीच्या मर्जीवर मिळते, ती दुबईतल्या बाईला निदान कायद्याच्या कागदावर आहे. अमिरातीला विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत आणि हा संग्रह ते विचारतो. त्यातले निम्मे आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहूनही विचारता येतात, आणि इथे त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मग ते विचारायचे का राहिले, याचं उत्तर प्रत्येक वाचकानं आपल्या घरी शोधावं.